टीव्हीवरचा मुस्लिम: उपहास की पूर्वग्रह? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'सिटिझन खान', 'लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी', 'रामी' या मुस्लिम पात्रांवरच्या विनोदी मालिकांपैकी कशाहीबद्दल लिहिलं की वाचकांकडून ठरावीक प्रश्न येतात. काही कुतूहलाचे, काही चिडून विचारलेले, काही निव्वळ खोचक. सोपे आधी आणि अडचणीचे नंतर, असे ते इथे लावले आहेत. बहुतेक उदाहरणं ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडातली आहेत, कारण हा वाद तिथल्या टीव्हीवर सगळ्यात जास्त रंगला. अरबी वाहिन्यांची गोष्ट वेगळी आहे, ती प्रश्न ११ मध्ये.

१. उपहास आणि पूर्वग्रह यांत फरक तो काय? टिंगल दोन्हीकडे असतेच की.

असते. पण हशा पिकला की मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: या पात्राने असं काय केलं म्हणून आपण हसलो? 'सिटिझन खान'मधले मिस्टर खान स्वतःला बर्मिंगहॅमच्या पाकिस्तानी समाजाचे नेते म्हणवतात. त्यांना कुणी निवडून दिलेलं नाही, कुणी विचारतही नाही. मशिदीत, लग्नात, जिथे चार माणसं जमतील तिथे ते पुढे-पुढे करतात. इथे आपण हसतो ते बढाईखोरपणाला. असा माणूस कुठल्याही जातिधर्मात सापडतो.

उलट काही विनोदांत पात्र काहीच करत नाही. दाढी दिसली, हशा. अरबी नाव उच्चारलं, हशा. गालिचा अंथरला, हशा. माणसाचं नुसतं असणंच जिथे हास्यास्पद ठरतं, तिथे उपहास संपला. माझी मोजपट्टी एवढीच आहे. ती प्रत्येक वेळी चालत नाही, त्याची उदाहरणं पुढे येतीलच.

२. मुस्लिम पात्रांचे साचे म्हणतात ते नेमके कोणते?

'रिझ टेस्ट' नावाची एक कसोटी आहे. अभिनेता रिझ अहमद यांनी २०१७ मध्ये ब्रिटिश संसदेत याच विषयावर भाषण केलं, त्यावरून ती सुचली. मुस्लिम पात्र दहशतवादाबद्दल बोलतं का, त्याचा बळी किंवा गुन्हेगार आहे का? विनाकारण भडकणारं आहे का? अंधश्रद्ध, मागासलेलं आहे का? पाश्चात्त्य जीवनशैलीला धोका म्हणून रंगवलं आहे का? पुरुष असेल तर बायकांना तुच्छ लेखणारा आणि बाई असेल तर दबलेली, असं आहे का? एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं की कलाकृती नापास.

विनोदी मालिकेला ही कसोटी जशीच्या तशी लावू नये, असं माझं मत. साच्यावर विनोद करायचा तर आधी साचा दाखवावा लागतो. प्रश्न ४ मधला प्रसंग दहशतवादाच्या संशयावरच उभा आहे, म्हणजे पहिल्याच प्रश्नात नापास. तरीही या विषयावरचे त्याहून चांगले प्रसंग मला फारसे माहीत नाहीत.

३. हे सगळं ११ सप्टेंबर २००१ नंतर सुरू झालं ना?

नाही, फक्त पाटी बदलली. १९६९ मध्ये ब्रिटनच्या लंडन वीकेंड टेलिव्हिजनवर 'करी अँड चिप्स' ही मालिका आली. त्यात स्पाइक मिलिगन हा गोरा विनोदवीर चेहऱ्याला तपकिरी रंग फासून अर्धा पाकिस्तानी, अर्धा आयरिश कामगार झाला होता. नियामक मंडळाच्या सांगण्यावरून सहा भागांतच ती गुंडाळावी लागली. मग १९७७ मध्ये 'माइंड युवर लँग्वेज' आली. इंग्रजीच्या वर्गात वेगवेगळ्या देशांचे विद्यार्थी. त्यात लाहोरचा अली नदीम आणि त्याच्याशी सतत हुज्जत घालणारा रणजीत सिंग. दूरदर्शनवरची 'जबान संभालके' याच मालिकेवर बेतलेली होती, त्यामुळे हा वर्ग आपल्या पिढीला चांगलाच ओळखीचा.

तेव्हा अली मुस्लिम आहे यापेक्षा तो परका आहे आणि त्याला इंग्रजी येत नाही, यावर हशा होता. १९८९ च्या रश्दी प्रकरणानंतर आणि मग २००१ नंतर ब्रिटनमध्ये त्याच माणसांची ओळख 'पाकिस्तानी'वरून 'मुस्लिम' अशी झाली. विनोदही भाषेवरून धर्माकडे सरकला. आधी लोक अलीच्या उच्चारांना हसायचे, मग त्याच्या बॅगेला घाबरू लागले.

४. उपहास म्हणजे काय ते एका प्रसंगात दाखवा.

'लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी'चा पहिला भाग, कॅनडाची सीबीसी वाहिनी, जानेवारी २००७. टोरांटोतला तरुण वकील अमार वडिलांच्या फर्ममधली नोकरी सोडून प्रेअरीतल्या (कॅनडाच्या गवताळ मैदानांतल्या) मर्सी नावाच्या छोट्या गावात इमाम व्हायला निघाला आहे. विमानतळावर रांगेत उभा राहून तो फोनवर आईशी बोलतोय. हे कित्येक महिन्यांपासून ठरवलंय, बाबांना ही आत्महत्या वाटत असेल तर वाटू दे, अल्लाने माझ्यासाठी हेच ठरवलंय. रांगेतल्या बाईच्या कानावर तेवढंच पडतं. पुढच्या क्षणी सुरक्षारक्षक त्याला बाजूला घेतात.

अमारची चूक काय? चारचौघांत फोनवर मोठ्याने बोलणं. ती तर सगळेच करतात. त्याचं प्रत्येक वाक्य करिअर बदलणाऱ्या कुठल्याही मुलाचं आहे. ते भयंकर होतं ऐकणारीच्या डोक्यात. प्रेक्षक हसतो तेव्हा त्याच्या हेही ध्यानात येतं की अर्धं वाक्य ऐकून आपणही दचकलो होतो. इथे साचा आहे, पण त्याची टिंगल होते, माणसाची नाही. आणि तेही जेमतेम मिनिटभरात.

५. 'सिटिझन खान'वर एवढा गदारोळ का झाला?

बीबीसी वनवर २७ ऑगस्ट २०१२ ला पहिला भाग दाखवला आणि बीबीसीकडे शेकडो तक्रारी गेल्या. सगळ्यात जास्त राग एका छोट्या प्रसंगावर होता. धाकटी मुलगी आलिया पुरती नटलेली आहे. वडील खोलीत येणार असं दिसताच ती घाईघाईने डोक्यावर हिजाब ओढते, कुराण उघडते आणि वाचत असल्याचं सोंग करते. वडील भारावून जातात. ते वळले की हिजाब खाली.

तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं होतं, कुराण म्हणजे विनोदाची सामग्री नव्हे. बाजू घेणारे म्हणत होते, टिंगल कुराणाची नाही, आलियाच्या लबाडीची आणि बापाच्या आंधळ्या कौतुकाची आहे. प्रश्न १ ची मोजपट्टी लावली तर दुसरी बाजू वरचढ ठरते. मुलीने आईबापांसमोर घातलेला शहाणपणाचा मुखवटा हा विनोद तर सगळीकडचा.

तरी तक्रार अगदीच पोकळ नव्हती. त्या वेळी बीबीसी वनवर ब्रिटिश मुस्लिम कुटुंबावरची दुसरी विनोदी मालिका नव्हती. एकच कुटुंब असलं की त्यातली एक लबाड मुलगी ही सगळ्याच हिजाबवाल्या मुलींची प्रतिनिधी होऊन बसते. लेखकाच्या मनात ते नसतं, पण पडद्यावर तसंच होतं. २०१६ मध्ये खासदार रूपा हक यांनी ब्रिटिश संसदेत मालिकेवर टीका केली तीही याच अंगाने: हे मागासलेलं कुटुंब कुठल्या जमान्यातलं आहे?

माझं मत विचाराल तर मालिकेचा मोठा दोष शिळेपणा हा होता. कंजूष बाप, लग्नाळू मुलगी, चुकीच्या वेळी दारात उभा राहणारा जावई. १९७० च्या दशकातल्या ब्रिटिश सिटकॉमचा सांगाडा, वर मेंढीच्या लोकरीची काराकुल टोपी चढवलेली. तरी पाच सीझन चालली, २०१६ अखेरपर्यंत.

६. पण ती लिहिणारा आणि करणारा आदिल रे स्वतःच मुस्लिम आहे. मग प्रश्न मिटला ना?

एवढ्याने मिटत नाही. रे बर्मिंगहॅममध्येच वाढले, रेडिओवर निवेदक होते, आणि मिस्टर खान हे पात्र त्यांनी २०१० मध्ये 'बेलामीज पीपल' या कार्यक्रमात आधीच रंगवलं होतं. आतल्या माणसाला बारकावे माहीत असतात हा मोठा फायदा. मशिदीच्या समितीत खुर्चीवरून काय राजकारण चालतं, हे बाहेरच्याला सुचत नाही.

'लिटल मॉस्क'च्या निर्मात्या झरका नवाज यांनी मशिदीत बायकांना पडद्याआड बसवण्यावर २००५ मध्ये 'मी अँड द मॉस्क' हा माहितीपट केला होता. नंतर मालिकेतही हा पडदा आला. जुन्या वळणाच्या बाबरला तो हवा, इतरांना नको, आणि इमाम अमारची मध्ये पुरती गोची. धर्मातल्या एका प्रथेवरची ही सरळ टीका आहे. ती कुणा परक्याने केली असती तर बायकांची बाजू बाजूलाच राहून तिचा 'बघा, हे असे असतात' असा सूर लागला असता.

पण आतला माणूस चुकूच शकत नाही, असं कुठे आहे? 'रामी' या अमेरिकी मालिकेसाठी रामी युसुफ यांना २०२० चा गोल्डन ग्लोब मिळाला. तीतल्या मुस्लिम बाया अपुऱ्या आणि एकसुरी आहेत, ही तक्रार मुस्लिम बायकांनीच केली. लेखक कोण हे बघून त्याला किती माहीत असेल याचा अंदाज येतो. त्याने काय केलं ते पडद्यावरच बघावं लागतं.

७. प्रेक्षक काही दूधखुळे नसतात. उपरोध कळतो त्यांना. मग एवढी काळजी कशाला?

सगळ्यांना कळत नाही. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मुस्लिमांबद्दलचं नाही, पण त्याला वगळून पुढे जाता येत नाही. बीबीसीच्या 'टिल डेथ अस डू पार्ट'मधला आल्फ गार्नेट हा तोंडाळ वंशद्वेष्टा. लेखक जॉनी स्पेट यांना त्याचं हसं करायचं होतं. ती भूमिका करणारे वॉरन मिचेल स्वतः ज्यू होते. ते सांगत, की चाहते येऊन म्हणायचे, तुम्ही त्या परक्यांची काय छान उडवता! आपण खरं तर यांचीच उडवतो आहोत, हे मिचेलना त्यांना सांगावं लागे.

अमेरिकेत याच मालिकेवरून १९७१ मध्ये 'ऑल इन द फॅमिली' निघाली. नील विडमार आणि मिल्टन रोकीच या संशोधकांनी तिच्या अमेरिकी आणि कॅनडियन प्रेक्षकांचा अभ्यास केला, तो १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. मालिका सगळ्यांनाच गमतीदार वाटत होती. पण ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांना मालिकेचा वंशद्वेष्टा नायक आर्ची बंकर हा आपला माणूस वाटत होता. वादात तोच जिंकतो असंही त्यांना वाटायचं. म्हणजे पटकथा तीच, हशा तोच, आणि घरी नेलेला अर्थ मात्र ज्याचा-त्याचा.

म्हणूनच 'उपहास की पूर्वग्रह' या प्रश्नाला कित्येकदा 'दोन्ही' हेच खरं उत्तर असतं. लेखकाने उपहास लिहिला आणि प्रेक्षकांतल्या काहींनी पूर्वग्रह पाहिला. अशा वेळी लेखकाला एवढंच करता येतं: द्वेष्ट्याला टाळीची वाक्यं देऊन समोरच्याला नुसतं गप्प बसवायचं नाही. आल्फकडे सगळे झणझणीत संवाद होते, विरोध करणाऱ्यांकडे नुसता त्रागा.

८. विनोदाने मतं बदलतात, याला काही आधार आहे का?

दोन अभ्यास लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

थॉमस फोर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना वेगवेगळे विनोद वाचायला दिले. मुस्लिमांना हिणवणारे विनोद वाचल्यावर, ज्यांच्या मनात आधीच मुस्लिमद्वेष होता त्यांना मुस्लिम माणसाशी केलेला भेदभाव चालवून घ्यावासा वाटू लागला. हाच द्वेष सरळ विधानांच्या रूपात वाचला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ, विनोदाने नवा द्वेष पेरला नाही, जो होता त्याला मोकळीक दिली. 'गंमत चाललीये' म्हटलं की मनातला पहारेकरी बाजूला होतो.

दुसरा अभ्यास सोहाद मुरार आणि मार्कुस ब्राउअर यांचा, २०१८ चा. गोऱ्या अमेरिकी सहभागींतल्या काहींना 'लिटल मॉस्क'चे भाग दाखवले, काहींना 'फ्रेंड्स'चे. 'लिटल मॉस्क' पाहिलेल्यांमधला पूर्वग्रह कमी आढळला, आणि चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही तो फरक टिकून होता.

एक अभ्यास सुट्या विनोदांचा, दुसरा पात्रं ओळखीची होत जाणाऱ्या मालिकेचा. मला यातून दिसतं ते असं, की सुटा चुटका साच्यावरच जगतो. त्याला माणूस उभा करायला वेळच नसतो. मालिकेला असतो.

९. "आम्ही सगळ्यांचीच उडवतो" हा बचाव चालेल का?

'माइंड युवर लँग्वेज'चा हाच बचाव होता (प्रश्न ३ पाहा). वर्गात इटालियन होता, जर्मन होती, जपानी होता, स्पॅनिश होता. प्रत्येकाला आपापला साचा. पण इटालियन माणूस त्या काळात इतर कार्यक्रमांत प्रियकर, गायक, पोलीस, डॉक्टर म्हणूनही दिसत होता. अली नदीमसारखा माणूस दुसरीकडे कुठे दिसत होता? सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ आणि २०१९ मधल्या दोनशे इंग्रजी मालिका तपासल्या, तेव्हा बोलणाऱ्या पात्रांत मुस्लिम शंभरातलं जेमतेम एक निघालं. ज्याच्या वाट्याला एकच पात्र येतं, त्याला टपली जोरात लागते.

१०. इस्लाम हा धर्म आहे, वंश नाही. श्रद्धेवर टीका म्हणजे माणसांचा द्वेष कसा?

मुद्दा अर्धा बरोबर आहे. श्रद्धेची, धर्मगुरूंची, प्रथांची थट्टा करता आली पाहिजे, आणि प्रश्न ६ मधला मशिदीतला पडदा हे त्याचं चांगलं उदाहरण आहे. उरलेला अर्धा असा, की टीव्हीवरचा 'मुस्लिम' क्वचितच श्रद्धेवरून ओळखला जातो. तो रंग, दाढी, पगडीसारखं काहीतरी आणि बोलण्याची ढब यांवरून ओळखला जातो. ११ सप्टेंबरनंतर चारच दिवसांनी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या मेसा शहरात पेट्रोलपंपाच्या शीख मालकाला गोळी घालून मारलं. मारणाऱ्याने त्याला श्रद्धा विचारली नव्हती. तेव्हा विनोद मताबद्दल आहे की दिसण्याबद्दल, हे बघा. मताबद्दल असेल तर तो टीकेच्या घरातला. दिसण्याबद्दल असेल तर 'धर्म, वंश नव्हे' ही ढाल काही कामाची नाही.

११. मुस्लिम देशांत स्वतःवर असं हसलेलं चालतं का?

चालतं, आणि इथे लोकांना वाटतं त्याहून जास्त चालतं. सौदी अरेबियात 'ताश मा ताश' ही विनोदी मालिका १९९३ पासून वर्षानुवर्षं रमजानमध्ये लागायची. रोजा सोडल्यावर घरोघरी बघितली जायची. नोकरशाही, बायकांवरची बंधनं, धर्माच्या नावावर मिरवणारे, सगळ्यांवर तीत टोले असत. कट्टर मंडळींनी तिच्याविरुद्ध फतवे काढले, लोक बघत राहिले. तिच्यातल्याच नासर अल कसाबी यांनी २०१५ मध्ये एमबीसी वाहिनीवर 'सेल्फी' केली. एका कथेत बाप इसिसमध्ये गेलेल्या मुलाला परत आणायला स्वतःच तिथे जाऊन पोचतो. कसाबींना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या.

या मालिकांत मुस्लिम असणं हा विनोदाचा मुद्दाच नसतो, कारण सगळेच मुस्लिम. ढोंगी असतो, भित्रा असतो, लाचखाऊ असतो, साधाभोळा असतो. प्रश्न ९ मधली अडचण तिथे आपोआप सुटलेली असते.

१२. प्रेषितांची व्यंगचित्रं आणि या मालिका, वाद एकच ना?

एक नाही, आणि दोन्हींची गल्लत केल्याने बरीच चर्चा फुकट जाते. 'साउथ पार्क' या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेने जुलै २००१ मध्ये प्रेषित मुहंमदांना एका भागात पात्र म्हणून दाखवलं. तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मध्ये ११ सप्टेंबर घडला, २००५ मध्ये डॅनिश व्यंगचित्रांचं प्रकरण झालं. एप्रिल २०१० मध्ये त्याच मालिकेच्या दोन भागांवरून धमकी आली आणि कॉमेडी सेंट्रल वाहिनीने त्यांतल्या दुसऱ्या भागात प्रेषितांचं नावसुद्धा बीप करून टाकलं.

तिथे आक्षेप पावित्र्यभंगाचा आहे. या पानावरचा प्रश्न शेजारी राहणाऱ्या माणसांच्या प्रतिमेचा आहे. प्रेषितांचा उल्लेखही न करता एखादी मालिका मुस्लिमांना भयंकर हिणवू शकते. उलटही होऊ शकतं. आलियाच्या प्रसंगात (प्रश्न ५) दोन्ही आक्षेप एकमेकांत गुंतले होते, म्हणून तो वाद चिघळला.

१३. कायदा काय म्हणतो?

ब्रिटनपुरतं सांगतो. २००६ च्या वंश आणि धर्मद्वेष कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये धर्मावरून द्वेष भडकवणं हा गुन्हा ठरवला. मूळ मसुदा फार ढिला होता. 'मिस्टर बीन' रोवन ॲटकिन्सन यांच्यासह अनेकांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली. विनोदकारांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील, अशी भीती होती. ३१ जानेवारी २००६ ला या मसुद्यावर सरकार संसदेच्या कॉमन्स सभागृहात २८३ विरुद्ध २८२, अशा एका मताने हरलं. पंतप्रधान टोनी ब्लेअर त्या मतदानाला हजर नव्हते. आता गुन्हा ठरायला भाषा धमकावणारी लागते आणि द्वेष भडकवण्याचा हेतूही सिद्ध व्हावा लागतो. धर्माची थट्टा, अवहेलना, नावड यांना कायद्यात स्पष्ट संरक्षण आहे.

टीव्हीसाठी ऑफकॉम या नियामकाची वेगळी संहिता आहे. दुखावणारा मजकूर संदर्भाने समर्थनीय असला पाहिजे, असं ती सांगते. कार्यक्रम कोणता, वेळ कोणती, प्रेक्षकाला काय अपेक्षित होतं, हे बघतात. थोडक्यात, कायद्याने चालतं ते सगळं चांगलं असं नाही. आपला प्रश्न कायद्याच्या बराच अलीकडे सुटायला हवा.

१४. निदान अतिरेक्यांवर तरी बिनधास्त हसावं ना?

हसावं. पण नेम धरून. जानेवारी २०१७ मध्ये बीबीसी टूच्या 'रिव्होल्टिंग'मध्ये एक स्किट होतं: श्रीमंत गृहिणींच्या रिॲलिटी शोच्या धर्तीवर इसिसच्या बायका. एक जण स्फोटकांचा पट्टा नव्या ड्रेससारखा मिरवते, तर दुसरी नेमका तसाच घालून येते. तिसरीला बांधून ठेवायची साखळी लांब मिळाली याचंच कौतुक. लोक दुभंगले. एक बाजू म्हणाली, आमिषाला बळी पडून गेलेल्या मुलींची ही क्रूर चेष्टा आहे. लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या तीन शाळकरी मुली सीरियाला गेल्याला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. दुसरी बाजू म्हणाली, ज्या चकचकीत प्रचाराला त्या भुलल्या त्याचाच हा फुगा फोडलाय. मी दुसऱ्या बाजूचा. साखळीच्या विनोदात हसू अडकतं, आणि ते अडकणं लेखकांनी मुद्दाम ठेवलेलं आहे.

आता अमेरिकी शब्दभ्रमकार जेफ डनहॅमचा 'अखमेद' घ्या: २००७ पासून गाजलेला बाहुला, मेलेल्या आत्मघातकी हल्लेखोराचा सांगाडा. तू मुस्लिम आहेस का, असं विचारल्यावर तो म्हणतो, वाटत नाही, माझ्या बुडावर 'मेड इन चायना' लिहिलंय. चतुर पळवाट आहे. नाव अरबी, उच्चार अरबी, फेटा आहे, बहात्तर कुमारिकांचा विनोद आहे, आणि तरी मुस्लिम नाही! दहशतवाद का, कशासाठी, त्यातला मूर्खपणा कुठे, याबद्दल अखमेदकडे काहीही नाही. आहे फक्त आवाज आणि डोळे. प्रश्न १ ची मोजपट्टी इथे नापासच म्हणते. सादरीकरण अफलातून आहे हे मान्य करूनसुद्धा.

१५. मग मुस्लिम पात्र नेहमी सज्जनच दाखवायचं का?

कृपा करून नको. समजूतदार डॉक्टर, देशभक्त शेजारी, जाताना सगळ्यांना शहाणपण सांगणारा चाचा. हाही साचाच, फक्त गुळगुळीत. विनोदाला दोष लागतात. मुस्लिम पात्राला दोषच नाकारला तर त्याला विनोदातूनच हाकलल्यासारखं होतं.

उपाय संख्येत आहे. निदा मंझूर यांची 'वी आर लेडी पार्ट्स' (चॅनेल फोर, २०२१) बघा: मुस्लिम मुलींचा पंक बँड. एक पूर्ण नकाबमधली आणि बिनधास्त, एक घाबरट, एक सदान्‌कदा भडकलेली. रिझ टेस्टवाले 'भडकलेली' म्हणून फुली मारतील. पण शेजारी आणखी चौघी असल्यामुळे तो राग तिचा एकटीचा राहतो, साऱ्या समाजाच्या नावावर चढत नाही.

१६. धर्मांतर केलेला गोरा मुस्लिम दाखवला तर विनोद कोणावर?

अवघड आणि मजेदार प्रश्न. 'सिटिझन खान'मध्ये मशिदीचा व्यवस्थापक डेव्ह गोरा आहे, मनापासून मुस्लिम आहे, आणि मिस्टर खानना काही केल्या तो 'आपला' वाटत नाही. नमाज नेमाने पढतो, समितीची कामं चोख करतो, तरी त्याच्याकडे संशयाने बघितलं जातं. बाहेर खानच्या वाट्याला जे येतं तेच खान आत डेव्हच्या वाट्याला देतो. मालिकेतला सगळ्यात धारदार उपहास मला इथेच दिसतो. तक्रारींच्या धुरळ्यात त्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

१७. जुन्या मालिका आता काढून टाकाव्यात का?

दडवू नयेत, पण मुख्य वेळेत पुन्हा-पुन्हा दाखवायचीही सक्ती नाही. जून २०२० मध्ये यूकेटीव्ही या ब्रिटिश प्रसारण कंपनीने 'फॉल्टी टॉवर्स' या जुन्या विनोदी मालिकेचा एक भाग त्यातल्या म्हाताऱ्या मेजरच्या वंशद्वेषी बोलण्यामुळे काढला, ओरड झाल्यावर सूचनेसह परत ठेवला. मेजर हा टिंगलीचा विषय आहे की टिंगल करणारा, हा तिथे पुन्हा आल्फ गार्नेटचाच प्रश्न होता (प्रश्न ७ पाहा).

टीव्ही-लेखन शिकणाऱ्यांना मी 'करी अँड चिप्स' आणि 'टिल डेथ अस डू पार्ट' शेजारी-शेजारी दाखवीन. दोन्ही जॉनी स्पेट यांनीच लिहिल्या, दोन्हींचा हेतू वंशद्वेष्ट्यांना उघडं पाडण्याचा. एकीत द्वेष्टा मध्यभागी आहे. दुसरीत मध्यभागी आहे तपकिरी रंग फासलेला मिलिगन, आणि कारखान्यातले कामगार त्याला शिव्या देतात तेव्हा कॅमेरा मिलिगनच्या तोंडाकडे बघतोय, शिव्या देणाऱ्यांकडे नाही.